सूर-सवाल : आंधळी मुलगी, मोझार्टचं विष आणि आपली पेटी

मागच्या अंकात पियानोवर चार ओळी काय लिहिल्या, तुम्ही लोकांनी पत्रं आणि मेसेज टाकून नुसता धुरळा उडवलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जागा तेवढी नाही, त्यामुळे ज्यांचं राहिलं त्यांनी राग मानू नका.

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की एका आंधळ्या मुलीला चांदणं कसं असतं ते कळावं म्हणून बेथोव्हननं मूनलाइट सोनाटा वाजवला. वाचून डोळ्यात पाणी आलं. खरं आहे का? (एक आजोबा, शाहूपुरी)

आजोबा, पाणी आलं ते आलं, पण गोष्ट खोटी आहे. मुळात मूनलाइट हे नावच बेथोव्हननं दिलेलं नाही, त्यानं 1801 मध्ये हा सोनाटा, म्हणजे पियानोची तीन भागांची रचना, लिहिला, पुढच्या वर्षी तो छापून आला, आणि वर फक्त इटालियनमध्ये 'फँटसीसारखा सोनाटा' अशा अर्थाचं काहीतरी होतं. पुढं रेलश्टाब नावाच्या जर्मन समीक्षकाला पहिला भाग ऐकून तळ्यावरचं चांदणं आठवलं, झालं, नाव जे चिकटलं ते चिकटलंच. अर्पण केलाय तो जुलिएट्टा ग्विचार्दीला, ती त्याची शिष्या, चांगली डोळस होती. आणि बहुतेक लोक पहिला भाग संपला की बंद करतात म्हणून हे चांदणं टिकलंय, तिसरा भाग लावून बघा, कुठलं चांदणं आणि कुठलं काय, नुसता थयथयाट आहे.

खरी हकीकत कुणी फॉरवर्ड करत नाही. त्याच 1801 साली बेथोव्हन आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, पत्रात लिहितो की कान जातायत, थिएटरात अगदी पुढं बसावं लागतं, लोकांमध्ये जाणं टाळतो कारण मी बहिरा होतोय हे सांगू कसं. वय तीस! व्हिएन्नात पियानो वाजवूनच नाव कमावलेला माणूस. पुढच्या वर्षी हायलिगनश्टाट गावी राहून त्यानं भावांना एक लांबलचक पत्र लिहिलं, जीव द्यायचे विचार येऊन गेले असं त्यात स्पष्ट आहे, आणि ते पाठवलंच नाही, मेल्यावर कागदपत्रांत सापडलं. आता ह्याच्यावर आणि आंधळी मुलगी कशाला पाहिजे?

प्रश्न : मोझार्टला सालिएरीनं विष घातलं आणि भिकाऱ्यासारखं खड्ड्यात पुरलं, हे तरी खरं का? (कॉलेज विद्यार्थी, कागल)

नाही भावा. मोझार्ट 1791 च्या डिसेंबरमध्ये आजारानं गेला, वय 35. विषाची अफवा होती पण तिला खरे पाय फुटले ते रशियन कवी पुश्किनच्या 1830 च्या छोट्या नाटकामुळं. सालिएरी म्हणजे व्हिएन्नातलाच त्या काळचा दुसरा संगीतकार, त्याच्याकडं तर पुढं मोझार्टचा धाकटा मुलगाच शिकायला होता, बेथोव्हन, शुबर्ट, लिस्ट हेही त्याचे विद्यार्थी, म्हणजे बघा. आणि पुरण्याचं म्हणाल तर तेव्हा व्हिएन्नात साध्या माणसाला साध्याच कबरीत पुरायची पद्धत होती. पैशाची ओढाताण होती हे मात्र खरं, मित्राला उसने मागणारी त्याची पत्रं आहेत. कमवत होता चांगलं, पण हातात टिकत नव्हतं.

प्रश्न : लहानपणापासून देवल क्लबच्या मैफली ऐकत आलोय. ज्या वाद्यावर मींड येत नाही त्याला शास्त्रीय संगीत म्हणायचं तरी कसं? (निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ)

सर, अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरातून हा प्रश्न येणारच. मींड येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाता येत नाही, हे शंभर टक्के बरोबर. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागं येते, त्यानंतर तो सूर तुमच्या हातात नाही, तो फक्त विरत जाणार. 1700 च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या नोकरीत असलेल्या क्रिस्तोफोरीनं हे यंत्र जुळवलं. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, बोट हळू टाका नाहीतर आपटा, आवाज जवळपास तेवढाच. पियानोत बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा करता यायला लागला, आणि पुढची सगळी गंमत त्यातनं आली.

आता मींड नाही म्हणून वाद्य बाद करायचं तर पेटीचं काय करायचं सर? रेडिओनं 1940 ला पेटी बंद केली होती, ती उघडायला 1971 उजाडलं, आणि आपल्या गोविंदराव टेंब्यांचं नाव तर पेटीनंच झालं. वाद्यात नसलेलं गाणं वाद्यातून काढायचं ही ओढ दोन्हीकडं सारखीच आहे. शोपँ घ्या. पोलंडचा संगीतकार, 1831 ला पॅरिसला आला आणि तिथं इटालियन ऑपेराचे गायक ऐकून वेडा झाला, शिष्यांना सांगायचा की वाजवायचं असेल तर जाऊन गायक ऐका. आणि एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल, तो म्हणायचा डाव्या हातानं लय धरून ठेवायची, उजवा हात मागंपुढं झाला तरी चालेल. म्हणजे ठेका आपल्या जागी आणि गवई सम गाठायच्या आधी हवा तसा फिरून येतो, तेच की! त्याचं ओपस 9 (म्हणजे छापील रचनांचा नववा क्रमांक) मधलं दुसरं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या भावाची शांत रचना, ऐका, चारेक मिनिटांचं आहे, 1832 ला छापलेलं. तीच चाल परत परत येते आणि दरवेळी वेगळ्या हरकती घेऊन येते. राग नाही, आलाप नाही, हे कबूल, पण ते ऐकून परत मला लिहा.

हा माणूस मोठ्या हॉलला घाबरायचा बरं का, आयुष्यात जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक केले. पोट चालायचं शिकवण्यांवर, एका धड्याचे वीस फ्रँक. 1849 ला पॅरिसमध्ये गेला, देह तिथंच पुरला, काळीज मात्र त्याच्या इच्छेप्रमाणं वॉर्सात नेलं, आजही तिथल्या चर्चच्या खांबात आहे. ही गोष्ट फॉरवर्डसारखी वाटते पण खरी आहे!

प्रश्न : माझी मुलगी पियानो शिकते. क्लासच्या भिंतीवर सगळे दाढीमिशावाले फोटो. एकही बाई नव्हती का? (एक आई, राजारामपुरी)

होती ताई, क्लारा. 1819 साली लाइपझिगला जन्म, वडील फ्रीडरिश वीक पियानोचे नामांकित मास्तर, नवव्या वर्षी स्टेजवर. स्वतःचा पियानो कॉन्चेर्टो तिनं 1835 मध्ये सोळाव्या वर्षी वाजवला, ऑर्केस्ट्रा सांभाळायला खुद्द संगीतकार मेंडेल्सोन. वडिलांच्याच शिष्याशी, संगीतकार रोबर्ट शुमानशी, लग्न करायचं म्हटल्यावर वडील आडवे आले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1840 ला लग्न झालं ते तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

पुढं आठ मुलं, आणि मधनं मधनं कार्यक्रम. रोबर्टला लिहायला शांतता लागायची, म्हणून हिचा रियाज बंद! नवऱ्याचं मन बिघडत गेलं, 1854 ला त्यानं ऱ्हाइन नदीत उडी टाकली, लोकांनी वाचवला, मग दोन वर्षं मनोरुग्णांच्या इस्पितळात. डॉक्टरांनी क्लाराला भेटूच दिलं नाही, अगदी शेवटच्या दिवसांत भेट झाली. तिथून पुढं घर चाललं तिच्या दहा बोटांवर, युरोपभर दौरे, साठाच्या जवळपास वर्षांची कारकीर्द. स्वतःचं लिहिणं मात्र जवळजवळ थांबलं. विशीतच तिनं डायरीत लिहिलं होतं की बाईनं रचना करायची इच्छा धरू नये, आजवर कुणाला जमलं नाही तर मला कुठून जमणार. मला ह्या वाक्याचा राग येतो, तिचा नाही, तिच्या डोक्यात ते भरणाऱ्यांचा. तिचा 1846 चा पियानो ट्रायो (पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांसाठीची रचना) मुलीला ऐकवा, मग तीच ठरवेल जमलं होतं की नाही. आणि क्लासच्या सरांना सांगा, युरो यायच्या आधी जर्मनीच्या शंभर मार्कच्या नोटेवर क्लाराचा फोटो होता, भिंतीवर एक लावायला काय हरकत आहे.

प्रश्न : शिकायला 61 कीचा कीबोर्ड चालेल का, की पाहुण्यांकडं पडून असलेला जुना पियानो आणू? (इचलकरंजी)

फुकट मिळतोय म्हणून जुना पियानो आणू नका. आत दोनशेच्या वर तारा, त्यांचा ताण कित्येक टनांचा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगलं की सगळे सूर हलतात. आधी ट्यूनर गाठा, त्यानं आतनं बघून हो म्हटलं तरच टेम्पो सांगा. सुरुवातीला 61 चालतील, बेथोव्हननं मूनलाइट लिहिला तेव्हाचा नेहमीचा पियानोसुद्धा पाच सप्तकांचा, तेवढ्याच पट्ट्यांचा होता. फक्त तो खालच्या बाजूला आणखी उतरायचा, त्यामुळे तुमच्या कीबोर्डवर मूनलाइट वाजवताना अगदी सुरुवातीलाच डाव्या हाताला पट्टी कमी पडेल. पुढं जायचं असेल तर 88 आणि जड पट्ट्या लागतीलच. दुकानात गेल्यावर दिवे आणि तालांचे आवाज बघत बसू नका, एकच पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबा, आवाज तेवढाच आला तर दुसरा मॉडेल काढायला सांगा.