कॅनकूनला जातोय. चिचेन इत्सा पुरे, की टिकालच्या जंगलापर्यंत जावं? गाईड लागतो का?

टिकालला जा. आणि गाईड घ्या, तोही तिथलाच.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "शेवटी नाहीशा झालेल्या लोकांचे दगडच ना, माहिती काय मोबाईलवरही मिळते." आमचे साडू टिकालच्या फाटकावर हेच बोलले होते. त्यावरून जे सुरू झालं ते आजही दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली की निघतंच. म्हणून उत्तर लांबेल.

दोन्ही माया लोकांची जुनी शहरं. मेक्सिकोतल्या चिचेन इत्साला मी नावं ठेवत नाही. कॅनकूनहून दोनेकशे किलोमीटर, सकाळच्या बसने गेलं की संध्याकाळी परत. मधल्या पिरॅमिडला चारी बाजूंनी ९१ पायऱ्या आणि वरची एक धरून ३६५, म्हणजे सूर्यवर्षाचा हिशोब दगडात मांडलेला आहे. पण २००६ पासून वर चढू देत नाहीत. बाकी मोकळं मैदान, डोक्यावर ऊन आणि सगळीकडे माणसं. इमारत दिसते, पण ती उभारणारे लोक कशाच्या जोरावर जगत होते ते तिथे कळत नाही. ते कळायला जंगल लागतं.

टिकाल ग्वाटेमालाच्या पेतेन भागात आहे. दोन मंदिरांमध्येसुद्धा झाडीतून चांगलं चालावं लागतं. चौथं मंदिर साधारण ६५ मीटर उंच. बाजूच्या लाकडी जिन्याने वर गेलात की खाली नुसतं जंगल आणि त्यातून वर आलेले बाकीच्या मंदिरांचे माथे. पहाटे हाउलर माकडं ओरडायला लागतात तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघच जवळ आल्यासारखं वाटतं.

आता आमची गोष्ट. मी घोलवडचा, घरची चिकूची वाडी. साडूंना गाईड नको होता. त्यांचं म्हणणं, फोनमध्ये नकाशा आहे, व्हिडिओ आहेत, पैसे कशाला घालवायचे? मी ऐकलं नाही, पैसे माझे देतो म्हटलं आणि एक मध्यमवयीन गाईड घेतला. घरी केक्ची बोलणारा माणूस. केक्ची ही माया भाषांपैकीच एक.

थोडं आत गेल्यावर तो एका प्रचंड झाडापाशी थांबला. बुंध्यावर वरपर्यंत नागमोडी वळणांचे जुने वार होते. त्याने नखाने साल जराशी खरवडली तर पांढरा चीक आला. खाली पाचोळ्यात पडलेलं फळ मी उचललं आणि काही विचारायची गरजच उरली नाही. चिकू! आमच्या वाडीत जाळीचा बांबू घेऊन तोडता येतो तेवढाच चिकू मी जन्मभर पाहिलेला. इथे त्याच्या शेंड्याकडे बघताना मान दुखायला लागली. हे झाड मूळचं इकडचंच, आपल्याकडे ते मागाहून आलं, हे मी वाचलं होतं. पण त्याला त्याच्या घरी उभं पाहणं फार वेगळं.

गाईडचे वडील याच जंगलात चीक काढायचे. पावसाळ्यात दोर बांधून झाडावर चढायचं, कोयत्यासारख्या माचेतेने खाच पाडत जायचं, ओघळत खाली आलेला चीक पिशवीत धरायचा आणि कढवून त्याच्या विटा पाडायच्या. च्युइंगम पूर्वी यातूनच व्हायचं. एकदा चीक काढला की झाडाला काही वर्षं हात लावायचा नाही. मी त्याला सांगितलं की आम्ही खिरणीवर कलम करतो, आमची जात कालीपत्ती. त्याला ते कलमाचं फार नवल वाटलं, पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मग म्हणाला, लाकडाचं काय करता? मी म्हटलं, फळ देणारं झाड आम्ही कशाला तोडू?

तेव्हा तो आम्हाला एका जुन्या दारापाशी घेऊन गेला आणि वरची तुळई दाखवली. याच झाडाचं लाकूड. टिकालच्या मोठ्या मंदिरांच्या दारांवर याच लाकडाच्या कोरीव तुळया होत्या. चौथ्या मंदिरातल्या तर एकोणिसाव्या शतकात काढून स्वित्झर्लंडला नेल्या, त्या बाझेलच्या संग्रहालयात आहेत. ते मंदिर आठव्या शतकातलं. दमट हवा, वाळवी, पाऊस, एवढं सगळं असूनही लाकूड बाराशे वर्षं टिकलं. कोणतं झाड कुठे वापरायचं हे त्या लोकांना ठाऊक होतं, आणि त्यातलं बरंच काही त्या गाईडलाही ठाऊक होतं. हे कुठल्या व्हिडिओत मिळणार होतं?

साडू मात्र "बाहेरून कोणीतरी येऊन बांधलं असणार" यावरच अडलेले. म्हणून त्यांच्यासाठी इथे लिहितो. टिकालला नदी नाही. चुन्याचा गिलावा केलेले चौक उताराचे ठेवून पावसाचं पाणी तळ्यांमध्ये वळवलेलं होतं. त्यातल्या एका तळ्यात पाणी गाळायला झिओलाइट नावाचं खनिज आणि गारगोटीची वाळू वापरली होती, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलंय. विमानातून लेझरने पेतेनचं जंगल मोजलं, त्याचे निकाल २०१८ साली जाहीर झाले तेव्हा झाडीखाली साठ हजारांवर बांधकामं निघाली. घरं, रस्ते, शेतीचे बांध. हा पिढ्यानपिढ्या तिथेच राहून केलेला संसार आहे. बाहेरचा कोणी येऊन शेताचे बांध घालत बसत नाही.

मुख्य चौकात गेलो तर एक कुटुंब विस्तवापाशी बसलेलं. मेणबत्त्या, फुलं, कोपाल नावाचा धूप. म्हातारी बाई काहीतरी म्हणत होती. साडूंनी फोन वर केला, गाईडने त्यांचा हात हळूच खाली केला आणि आम्ही सगळे बाजूला उभे राहिलो. आमच्या पलीकडे पहिलं मंदिर, ज्याच्या पोटात हासाव चान काविल राजाची समाधी आहे. ६९५ साली कालाकमुल या वैरी माया शहराला हरवणारा तो हाच. आणि अलीकडे ही बाई, बहुधा नातवंडांसाठी काही मागत असलेली. "नाहीसे झाले" म्हणजे कोण?

नवव्या शतकात इथली शहरं ओस पडली हे खरं. दुष्काळ होता, आपसातल्या लढाया होत्या. टिकालमधल्या कोरीव शिळांवरची शेवटची तारीख ८६९ सालची. पण माणसं उठून दुसरीकडे गेली. टिकालसाठी तुम्ही ज्या फ्लोरेस बेटावर मुक्काम कराल तिथेच इत्सा मायांची राजधानी होती आणि ती स्पॅनिश लोकांच्या हाती पडली थेट १६९७ साली. तेव्हा आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, इतकं ते अलीकडचं आहे. २०१८च्या जनगणनेत ग्वाटेमालातल्या सुमारे ४२ टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणवलंय. आणि १८४८ साली टिकालचा "शोध लागला" असं जे छापतात, त्या मोहिमेत मोदेस्तो मेंदेस या सरकारी अधिकाऱ्याबरोबर अंब्रोसिओ तुत हा तिथलाच माणूस होता.

तुमच्या वेळापत्रकाचं मी फारसं सांगितलं नाही. कॅनकूनहून टिकाल एका दिवसात होत नाही. विमानाने ग्वाटेमाला सिटीमार्गे फ्लोरेस, किंवा बेलीझमधून रस्त्याने. पाच दिवस असतील तर दोन मुक्काम टिकालला द्या. त्यातला एक उद्यानाच्या आतच करा. ग्वाटेमालाच्या व्हिसाचं आधी बघा, मेक्सिकोच्या कागदांवर तिथे शिरता येईल असं गृहीत धरू नका. सूर्योदयाला वर जायचं तर वेगळं तिकीट आणि सोबत गाईड लागतोच. बऱ्याचदा धुकं असतं, सूर्य दिसेलच असं नाही, तरी जा. पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, घसरणार नाहीत असे बूट. गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर मात्र चिचेन इत्साच बरं, मी जबरदस्ती करणार नाही.

सगळे गाईड आमच्यासारखे निघतील असंही नाही. काहीजण राजांची नावं पाठ म्हणून दाखवतात आणि पुढे चालू लागतात. म्हणून ठरवायच्या आधी पाच मिनिटं बोला, झाडांचं आणि पाण्याचं काही विचारा, तो कुठल्या गावचा ते विचारा. स्पॅनिश येत नसेल तर इंग्रजी बोलणारा हवा हे हॉटेलवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.