भाचा म्हणाला, ‘मामा, तू वाचलीच नाहीस’

प्रश्न : बाई, नमस्कार. गणपतीपुळ्याजवळ आमची आंब्याची बाग आहे. माझं शिक्षण बारावीपर्यंत, कवितेतलं मला काही कळत नाही. माझा भाचा अकरावीला आहे, आमच्याकडेच राहून शिकतो. मागच्या महिन्यात त्याने कवितांची वही माझ्या हातात दिली. मी रात्री वाचली आणि सकाळी ‘छान आहे रे’ म्हणून परत केली. तो म्हणाला, ‘मामा, तू वाचलीच नाहीस.’ मी खरंच वाचली होती. आता काही चुकीचं बोललो तर तो लिहायचं सोडेल, अशी भीती वाटते. खोटं कौतुकही माझ्याने होणार नाही. त्याला विचारून एक कविता सोबत पाठवतो आहे. काय बोलू त्याच्याशी?

उत्तर : तुम्ही वाचलीत यावर माझा विश्वास आहे. पण त्याला तसं वाटावं असं काहीच तुमच्या तोंडून निघालं नाही. ‘छान’ आपण लग्नातल्या जेवणालाही म्हणतो आणि शेजाऱ्यांच्या नव्या पडद्यांनाही. वही उघडली नसती तरी तो शब्द म्हणता आला असता, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे बरोबर कळतं.

त्याची कविता मी तीनदा वाचली, शेवटी मोठ्याने. पहिल्या चार ओळींत अथांग सागर आहे, सोनेरी किरणं आहेत. या वयात सगळेच तिथून सुरुवात करतात, ते असू दे. पाचव्या ओळीला मी थांबले :

आजी रातांबे फोडते
तिच्या तळहाताची रेघ न् रेघ लाल

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना हात लाल होतात, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. पण रस आधी रेघांमध्ये आणि भेगांमध्ये मुरतो, हात धुतला की बाकीचा लाल रंग उतरतो आणि रेघा तेवढ्या राहतात, हे जवळ बसून बघितल्याशिवाय दिसत नाही. या मुलाने ते बघितलंय. ही आजी म्हणजे तुमची आईच ना? तुम्ही कधी बघितल्या होत्या त्या रेघा? नसतील, तर त्याला हेच सांगा : ‘आईचे हात मी आयुष्यभर बघतोय रे, पण रेघा तुझ्या कवितेत पहिल्यांदा दिसल्या.’ यात कवितेतलं काही कळावं लागत नाही, आणि खोटंही काही नाही.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण माझ्या हातून एक चूक झालेली आहे. 1988 साली घाटावरून बदली होऊन मी समुद्रकाठच्या एका शाळेत आले. आठवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, ‘पावसाळ्यात बाबा होडीवर झापांची गोधडी घालतात.’ मी ‘झापांची’भोवती लाल गोल काढला आणि वर ‘झावळ्यांची’ लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाचे गोल वेगळेच. माडाची झावळी भिजवून विणली की तिचं झाप होतं, हे मला वर्षभराने शेजारच्या काकूंना अंगणात विणताना बघून कळलं. म्हणजे शब्द त्याचा बरोबर होता आणि चूक माझी होती. ‘गोधडी’बद्दल तर मी चकार शब्द लिहिला नव्हता. होडीला थंडी वाजेल म्हणून पांघरूण घालणारा बाप त्या पोराने माझ्यापुढे ठेवला होता आणि मी शुद्धलेखन तपासत बसले होते. त्यानंतरचे त्याचे निबंध ‘पावसाळा हा ऋतू मला फार आवडतो’ असे सुरू व्हायचे. त्याच्या वडिलांची होडी पुन्हा कधी वहीत आली नाही.

तेव्हा शुद्धलेखनाला आत्ता हात लावू नका. तो कुठे छापायला पाठवायला निघाला आणि त्याने स्वतः विचारलं, तर बघता येईल. तुम्ही आंबे पिकवायला अढी लावता, तुम्हाला सांगायला नको : अढीतला आंबा रोज दाबून बघितला तर काय होतं.

मग जे आवडलं नाही ते गिळून टाकायचं का? नाही. कवितेची शेवटची ओळ ‘जीवन हे असेच असते’ अशी आहे. तिथे मला आजी दिसेनाशी झाली. एवढंच आणि असंच सांगा : ‘इथे मला आजी दिसेनाशी झाली.’ ‘शेवट जमला नाही’ म्हटलंत तर तो निकाल झाला. तुम्ही फक्त तुमच्या डोळ्यांपुढे काय झालं ते सांगायचं. ओळ काढायची की ठेवायची, ते तो बघेल. ‘याचा अर्थ काय?’ असं मात्र विचारू नका, त्याला वर्गात उभं केल्यासारखं होतं. ‘हे कधी बघितलंस?’ असं विचारा, तो बोलत सुटेल. आणि पाहुणे आले की ‘म्हणून दाखव रे तुझी कविता’ हे तर अजिबात नको.

मालगुंड तुमच्यापासून हाकेवर आहे. केशवसुतांच्या जन्मघरी त्याला एकदा घेऊन जा. केशवसुत 1905 साली गेले तेव्हा त्यांच्या कवितांचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. ते 1917 मध्ये हरि नारायण आपट्यांनी काढलं. पण त्याच आपट्यांनी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात त्यांच्या कविता ते हयात असतानाच छापल्या होत्या, जळगावच्या ‘काव्यरत्नावली’ मासिकातही त्या येत होत्या. कवी लिहिता असताना कोणीतरी वाचत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथे गेल्यावर कौतुकाच्या भरात ‘आमचा दुसरा केशवसुत’ असं म्हणू नका. एवढं ओझं घेऊन पुढची ओळ कोण लिहील?

वही पुन्हा मागून घ्या. ‘परवा घाईत बोललो, परत वाचायची आहे’ असं सरळ सांगा. चार-पाच दिवस ठेवा, जिथे थांबाल तिथे शिसपेन्सिलीने बारीक टिंब करा. परत देताना एकाच टिंबाबद्दल बोला, रेघांच्याच.

आणि मे महिन्यात आई रातांबे फोडायला बसतील तेव्हा तुम्हीही त्यांच्याजवळ बसा. ती ओळ त्यांना वाचून दाखवायची की नाही, ते भाच्याला ठरवू दे.