आईला आमवात आहे आणि तिचा एकच पाय सुजला आहे. मीठ बंद केल्याने सूज उतरेल का?

मीठ बंद करून ही सूज उतरेल, असे मला वाटत नाही. आमवातात पाय सुजला की त्याचा दोष ताटावर टाकायचा, ही आपल्याकडची सवय मला अजिबात मान्य नाही.

आम्ही रावेर तालुक्यातले. माझ्या आईच्या बोटांचे सांधे औषधाने आटोक्यात येत असतानाच तिचा डावा पाय पोटरीपर्यंत जाड झाला आणि जोडवी बोटातून निघेनात. सुरुवातीला दाबले की खळगा पडे आणि रात्री पाय उंच ठेवला की सकाळपर्यंत सूज ओसरे. पुढे कातडी घट्ट होऊन खळगाही पडेनासा झाला. मामांनी हत्तीरोग ठरवून टाकला. रात्री रक्त घेऊन केलेल्या तपासणीत जंतू आढळले नाहीत, तेव्हा त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या गोळीवर खापर फोडले आणि ती बंद करायला लावली. त्यानंतर आईची मनगटे सुजली. पाय मात्र होता तसाच राहिला.

अखेर जळगावच्या संधिवाततज्ज्ञांनी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहिली. ती उचलली जाईना, म्हणून त्यांनी लिम्फेडेमाचे निदान केले. आमवातात हे क्वचित घडते: दीर्घकाळच्या दाहाने लसिकावाहिन्यांचे, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचे, काम बिघडते आणि प्रथिनयुक्त द्रव ऊतींमध्ये साचतो. लघवीच्या गोळ्या पाणी काढतात, प्रथिने तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. म्हणून या सुजेवर त्या गोळ्या निरुपयोगी आहेत. आईला दाबाची पट्टी, हलका व्यायाम आणि त्वचेची निगा यांनीच उतार पडला, जरी मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात पट्टी बांधून राहणे फार कठीण जाते. कापूस वेचताना साधा काटा रुतला तरी ती जखम लगेच धुते, कारण अशा पायात जंतुसंसर्ग लवकर पसरतो.

मात्र सूज अचानक आली असेल आणि पोटरी दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्या. ताप आणि लाली असेल तरीही थांबू नका. पायातला रक्तपुरवठा तपासल्याशिवाय दाबाची पट्टी बांधू नका.

मेथोट्रेक्सेटबद्दल मामांशी माझा वाद आजही मिटलेला नाही. सूज मूळ आजारातून आली असताना त्या आजारावरचेच औषध थांबवणे मला चुकीचे वाटते. तुमच्या घरी कोणी वडीलधारे तोच सल्ला देत असतील, तर ती गोळी रक्ताचे रिपोर्ट पाहणारे डॉक्टरच थांबवू शकतात, हे त्यांना स्पष्ट सांगा.