चेहऱ्यासाठी पोटात गोळी?

प्रश्न : माझं वय 47. गेल्या हिवाळ्यापासून अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घेतेय. तिच्यात व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटिन, सेलेनियम आणि बायोटिन आहे. जाऊबाई म्हणतात चेहरा टवटवीत दिसतो, पण मला डोळ्यांखालच्या सुरकुत्या तशाच दिसतात. हल्ली आमचे हेही माझ्याच बाटलीतली रोज एक घेतात. सिगारेट सुटत नाही, निदान एवढं तरी करू दे, म्हणतात. डोस वाढवू का?

उत्तर : आधी यजमानांचं बघू. त्यांची कॅप्सूल आजच बंद करा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निकाल 1994 साली आले. रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. आणि चाचणी सुरू केली होती कर्करोग टळेल या आशेने! तेव्हा 'एवढं तरी' नकोच. सिगारेट सोडायला मदत लागत असेल तर त्यासाठी वेगळे उपचार आहेत, त्यांना डॉक्टरांकडे न्या.

आता तुमचं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात, त्वचा घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची झीज होते आणि सुरकुत्या पडतात. अँटिऑक्सिडंट या फ्री रॅडिकलना आवर घालतात. इथवर जाहिरात खरं बोलते. गिळलेल्यातलं चेहऱ्यापर्यंत किती पोचतं, हे मात्र ती सांगत नाही. कोलॅजेन घडायला व्हिटॅमिन सी लागतंच, पण एका वेळी 1000 मिलिग्रॅमहून जास्त घेतलं तर त्यातलं निम्मंसुद्धा शोषलं जात नाही, आणि रक्तात गेलेलं जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर या मोठ्या डोसच्या वाटेला जाऊच नये.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे झाला. 903 जण, सगळे 55 वर्षांच्या आतले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मनाला येईल तेव्हा. शिवाय काहींना रोज 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन आणि काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. मग डाव्या हाताच्या पाठीचा सिलिकॉनचा ठसा घेऊन त्यातल्या बारीक रेषा तपासल्या. साडेचार वर्षांनी रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा 24 टक्के कमी वयस्कर झाली होती. बीटा कॅरोटिनने एकंदरीत काही फरक पडला नव्हता. इतर गोळ्यांचे छोटे अभ्यास आहेत, काहींत थोडा फायदाही दिसतो. पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा पुरवलाय गोळी विकणाऱ्यांनीच.

जाऊबाईंना मी खोटं पाडत नाही. नवी गोळी सुरू केली की बहुतेकजणी झोपेकडे आणि क्रीमकडेही लक्ष देऊ लागतात, हे मी रोज पाहते.

डोस वाढवू नका. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, म्हणजे ज्यासाठी घ्यायचं तेच जायचं! बाटली संपली की नवी आणू नका, त्या पैशात सनस्क्रीन घ्या. चेहऱ्याबरोबर मान आणि हातांच्या पाठीलाही लावा, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दरम्यान थायरॉइडची तपासणी करायची असेल तर कॅप्सूलमध्ये बायोटिन आहे हे डॉक्टरांना आणि लॅबलाही आधी सांगा. त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि नसलेल्या आजाराची औषधं मागे लागतात.