दोन सेकंदांत अकरा जण दिसतात कसे?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉल मी नव्यानेच बघायला लागले आहे. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातात चेंडू येतो न येतो तोच तो फेकून मोकळा होतो. एवढ्यात समोरचे अकरा खेळाडू त्याला दिसतात कसे? की सगळं आधीच ठरलेलं असतं?

उत्तर: अकरा दिसतच नाहीत. तो बघतो एकालाच! मला हे उशिरा कळलं, कारण माझे डोळेही चेंडूमागेच पळायचे. आता मी रिप्ले थांबवतो, क्वार्टरबॅक अंगठ्याखाली झाकतो आणि फक्त बचावाकडे बघतो. (घरचे हसतात.)

अर्धं काम स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे येण्याच्या, आधीच उरकलेलं असतं. सर्वांत मागे सेफ्टी, म्हणजे शेवटची राखण करणारे बचावपटू, किती उभे आहेत? दोन असले तर मैदानाचा खोलवरचा मधला भाग बहुधा उघडा, एकच असला तर बंद. मग एखादा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आडवा पळवून बघायचा. त्याच्यामागे एक बचावपटू थेट पलीकडे गेला, तर बहुधा माणसाला माणूस लावलाय. नुसतेच जरा सरकले, तर झोन, म्हणजे प्रत्येक जण आपापला भाग राखतोय.

उरलेलं काम एका माणसावर. ‘स्लँट-फ्लॅट’ ही चाल घ्या. बाहेरचा रिसीव्हर तीन पावलं सरळ जाऊन तिरका आत वळतो (हा स्लँट), आतला साइडलाइनकडे पळतो (हा फ्लॅट). दोघांच्या मध्ये सापडलेला बचावपटू बाहेर धावला, तर चेंडू त्याच्या पाठीमागे, स्लँटला. जागेवर थांबला, तर साइडलाइनकडे पळणाऱ्याला. बिचारा काहीही करो, चुकतोच. क्वार्टरबॅक तीन पावलं मागे जातो आणि तिसरं पाऊल टेकताच चेंडू सुटतो. ब्लिट्झ आला, म्हणजे जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर धावून आला, तर त्याने सोडलेली जागा मोकळी; चेंडू तिथेच.

ही पद्धत गरजेतून आली. 1970 च्या सुमारास सिनसिनाटी बेंगल्स या संघाकडे व्हर्जिल कार्टर हा क्वार्टरबॅक होता. त्याच्या हातात लांब फेकीचा जोर नव्हता, नेम मात्र होता. साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याच्यासाठी छोट्या, वेळेत बसवलेल्या पासांची रचना केली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्श यांच्याच हाताखाली क्वार्टरबॅक जो मोंटानाने तिचं सोनं केलं.

पण समोरचेही थापा मारतात. ब्लिट्झ दाखवायचा आणि पुढच्या फळीतला एक धिप्पाड गडी गुपचूप मागे सरकवून नेमका स्लँटच्या वाटेत उभा करायचा. आणि कधी कधी तर बचावपटूच क्वार्टरबॅकच्या आधी चाल वाचून मोकळा होतो. फेब्रुवारी 2015 चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, मिळाला तर जरूर बघा. न्यू इंग्लंड 28-24 ने पुढे, सिअॅटल गोलरेषेपासून एक यार्डावर, सामना संपायला अर्धा मिनिटही नाही. सिअॅटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनने झटपट स्लँट फेकला. न्यू इंग्लंडचा बचावपटू माल्कम बटलर रिसीव्हरच्या आधी तिथे पोचला आणि चेंडू पळवला. रिसीव्हर एकामागे एक उभे राहिलेले पाहूनच त्याने चाल ओळखली होती. सामन्याआधीच्या सरावात याच चालीवर तो फसला होता ना!