जुनी पिकअप घेताना आधी हौदा बघा
वाचकांचे प्रश्न, जुन्या गाड्यांविषयी

प्रश्न : आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. यजमान नुकतेच निवृत्त झाले आणि त्यांनी एक 1961 ची फोर्ड एफ-100 पिकअप बघून ठेवली आहे. केबिन आणि हौदा (माल भरायचा मागचा भाग) एकाच अंगाचे आहेत, अशी गाडी फार दुर्मीळ, असं सांगून विकणारा भाव चढवतो आहे. ही खरंच दुर्मीळ आहे का? घ्यावी का?
– एक वाचिका, कोलंबस

उत्तर : ताई, बांधणीबद्दल विकणारा खरंच बोलतो आहे. एरवी पिकअपची केबिन वेगळी, हौदा वेगळा, आणि मधे बोट-दोन बोटं फट. दोन्ही आपापले चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेले. खड्ड्यात चाक गेलं की चासी थोडी पिळली जाते आणि तो पीळ त्या फटीत जिरतो. फोर्डने 1961 साली एफ-100 आणि एफ-250 च्या रुंद हौद्याच्या गाड्यांमध्ये ती फटच काढून टाकली. डाय (पत्रा दाबून आकार देणारे साचे) कमी लागतात, वेल्डिंग कमी, खर्च कमी. माझी सगळी नोकरी मिशिगनमध्ये पत्र्याच्या डाय बनवण्यात गेली, तेव्हा हा मोह मला चांगलाच कळतो. आणि गाडी दिसायला देखणी झाली, यात शंका नाही. दारामागून निघालेली कड कुठेही न तुटता थेट मागच्या दिव्यापर्यंत जाते.

पण पिकअप लोक ओझ्यासाठी घ्यायचे. हौदा भरला की चासी वाकायची आणि तो ताण आता सरळ केबिनच्या चौकटीवर यायचा. भरल्या गाडीची दारं अडकतात, अशा तक्रारी सुरू झाल्या. 1962 च्या मध्यावर फोर्डने वेगळा हौदा पुन्हा आणला आणि 1963 नंतर एकसंध बांधणी बंदच केली. घाईघाईत आणलेला तो हौदा 1957 ते 1960 च्या जुन्या गाडीचा होता. त्यामुळे 1962-63 च्या काही गाड्यांवर केबिनची कड एका उंचीला आणि हौद्याची दुसऱ्या उंचीला दिसते. इथले शौकीन तिला ‘रॉंग बेड’, म्हणजे चुकीच्या हौद्याची, म्हणतात. आणखी एक लक्षात ठेवा : चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांना ही एकसंध बांधणी फोर्डने दिली नव्हती. तशी कोणी दाखवली तर ती नंतर कोणीतरी जुळवलेली आहे.

आता दुर्मीळपणाचं. तीन मॉडेल-वर्षं, आणि तीही फोर्डसारख्या कंपनीची. म्हणजे बनताना ही गाडी दुर्मीळ मुळीच नव्हती. आज कमी दिसते, कारण ती शेतावर आणि बांधकामावर राबली, गंजली आणि भंगारात गेली. खरी अडचण पुढे आहे. साध्या पिकअपचा हौदा सडला तर बोल्ट काढून दुसरा बसवता येतो. इथे हौदा सडला की केबिनची मागची भिंतही त्याच दुखण्यात सापडते, आणि तसा अख्खा पत्रा मिळवायचा तर दुसरी तशीच गाडी कापावी लागते. तेव्हा अशा गाड्या किती बनल्या यापेक्षा हिचा पत्रा किती शिल्लक आहे, हे आधी बघा.

बघायला जाताना एक छोटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. दाराखालची पट्टी, केबिनचे मागचे खालचे कोपरे आणि मागच्या चाकावरची कमान, या जागांवरून ते सावकाश फिरवा. जिथे चुंबक पकड सोडतं तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून इथेच आयुष्य काढलेल्या गाडीला हे जास्तच लागू. मग केबिन जिथे हौद्याला मिळते तो सांधा वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपा. रंगात उभी बारीक भेग असली तर चौकटीने ताण खाल्ला आहे. शेवटी दोन्ही दारं उघडून हलकेच लावा. चार माणसं हौद्यात उभी करा आणि पुन्हा लावून बघा. दुसऱ्या वेळीही तसाच खटका ऐकू आला तर गाडी निरोगी आहे.

ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखातली, या सगळ्यात उतरलेली गाडी असेल तर यजमानांना खुशाल घेऊ द्या. नुसत्या ‘दुर्मीळ’ या विशेषणासाठी मात्र एक डॉलरही जास्त देऊ नका.

प्रश्न : काका, मी जुन्या अमेरिकन पिकअपची छोटी मॉडेल्स हाताने बनवतो. स्टेपसाइड आणि फ्लीटसाइड यांत नेमका फरक काय? आणि सहसा कोणी बनवत नाही अशी एखादी गाडी सुचवाल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फरक मागच्या चाकाच्या जागेत आहे. स्टेपसाइडचा हौदा अरुंद, चाकं त्याच्या बाहेर, त्यांवर फुगीर मडगार्ड, आणि केबिन व मडगार्ड यांच्यामध्ये पाय ठेवायला पायरी. फ्लीटसाइडमध्ये हौदा केबिनच्या रुंदीचा, बाजू सपाट, आणि चाकांचे उंचवटे हौद्याच्या आत. ही दोन्ही नावं शेवरोलेची. फोर्डकडे तीच जोडी फ्लेअरसाइड आणि स्टाइलसाइड, डॉजकडे युटिलाइन आणि स्वेप्टलाइन. सपाट बाजूचा हौदा फोर्डने 1957 च्या मॉडेलपासून सरसकट द्यायला सुरुवात केली, शेवरोलेची फ्लीटसाइड 1958 ची.

शेवरोलेची स्टेपसाइड करणार असशील तर हौद्याचा तळ लाकडाचा दाखव. लांबीच्या दिशेने फळ्या, आणि दर दोन फळ्यांच्या सांध्यावर लोखंडी पट्टी. माल त्या पट्ट्यांवरून सरकायचा, लाकूड खरवडलं जायचं नाही. हा तळ नीट उतरला की मॉडेलला जीव येतो.

आणि सुचवायचीच तर स्टुडबेकर चॅम्प कर. केबिन त्यांच्याच लार्क मोटारीच्या पुढच्या भागावरून काढलेली. 1961 मध्ये त्यांना सपाट बाजूचा हौदा हवा होता, पण नवीन डाय करायला पैसे नव्हते, म्हणून डॉजच्या डाय वापरल्या. हौदा केबिनपेक्षा रुंद आहे आणि कडा जुळत नाहीत. तुझ्या हातून ते नकळत सरळ होईल, तसं होऊ देऊ नकोस.

प्रश्न : 1955 ची शेवरोले कॅमिओ कॅरिअर पिकअप विकायला आहे. रंगाचं नाव ‘बॉम्बे आयव्हरी’ आहे असं मालक म्हणतो. खरं आहे का? आणि कमी बनलेली गाडी म्हणजे पैसे सुरक्षित, हे धरून चालावं का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : रंगाचं अगदी खरं आहे. 1955 ची कॅमिओ याच एका रंगात यायची, केबिनच्या मागच्या भागाला लाल रंगाची जोड देऊन. मुंबईकर म्हणून मला ही गाडी पहिल्यापासून जवळची वाटते, हे कबूल. इतर रंग 1956 पासून मिळू लागले. तेव्हा 1955 ची गाडी निळी-हिरवी दिसली तर ती नंतर रंगवलेली.

कॅमिओच्या हौद्याच्या सपाट बाजू फायबरग्लासच्या आहेत. ओहायोतल्या ॲश्टाब्युलामध्ये, जिथे शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स मोटारीचे भाग बनायचे तिथेच त्या बनल्या. आत मात्र नेहमीचाच लोखंडी हौदा आहे. गाडी महाग, आणि फायबरच्या बाजूंना कामाचे धक्के सोसत नसत. 1955 मध्ये 5,220 गाड्या बनल्या, 1956 मध्ये 1,452, 1957 मध्ये 2,244 आणि 1958 मध्ये 1,405. त्याच वर्षी लोखंडी फ्लीटसाइड आली आणि कॅमिओ संपली.

पण आकडा एकटा काही करत नाही. शेवरोलेचीच कॉर्व्हेअर लोडसाइड पिकअप बघा. इंजिन मागे, त्यामुळे हौद्याचा मागचा भाग उंच आणि मधे खोल खड्डा. तिच्याच जोडीची रॅम्पसाइड बाजूने उघडायची, उतरत्या फळीवरून माल थेट त्या खड्ड्यात नेता यायचा. लोडसाइडला ती सोय नव्हती, सगळा माल मागच्या फाळक्यावरून आत उतरवायचा. लोकांनी घेतलीच नाही. 1962 मध्ये फक्त 369 बनल्या. कॅमिओपेक्षा कितीतरी दुर्मीळ, आणि तरी कॅमिओच्या मागे धावणारे लोक तिच्याकडे वळून बघत नाहीत. कॅमिओला मान आहे तो तिच्या रूपामुळे, आणि पुढच्या सगळ्या सपाट बाजूच्या पिकअपना तिने वाट दाखवली म्हणून.

बघायला जाल तेव्हा मागच्या बंपरचा मधला भाग खाली पाडून बघा. त्यामागे जादा चाकाचा कप्पा हवा. मग खाली वाकून फायबरच्या आतला लोखंडी हौदा तपासा. वरून चकाचक दिसणाऱ्या गाडीतही तो सडलेला असू शकतो, कारण फायबर गंजत नाही आणि आतलं दाखवतही नाही. केबिनच्या मागे, फायबरची बाजू जिथे सुरू होते तिथली उभी पट्टी मूळची आहे का, तेही विचारा. साधा हौदा कुठेही मिळेल, पण फायबरच्या बाजू फुटलेल्या असतील तर दुरुस्तीचा अंदाज लेखी घेतल्याशिवाय सौदा करू नका.