बारा टक्क्यांची ती एक ओळ

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलंय. अशी पत्रं नेहमीच येतात, म्हणून इथेच उत्तर देतो. ताई दोन वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहतात. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात केस चालू आहे आणि आता 30 लाख एकरकमी पोटगीवर संमतीने घटस्फोट घ्यायचं जवळपास ठरलंय. वकिलांना 60 हजार रोख दिले, पावती नाही. वकीलसाहेब आता वकीलपत्रासोबत सही घेतलेला स्टॅम्प पेपर पुढे करतात: मिळणाऱ्या पोटगीच्या 12 टक्के फी. म्हणजे 3 लाख 60 हजार. तोवर फाईल नाही, एनओसी (दुसरा वकील करायला हरकत नसल्याचं पत्र) नाही. वर ताईंनी सही केलेला एक कोरा चेकही त्यांच्याकडे आहे.

ताई, घटस्फोटाला एकूण किती खर्च येतो, हा तुमचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुमचं सगळं त्या 12 टक्क्यांच्या ओळीवर अडलंय, आणि ती ओळ कायद्यात टिकत नाही. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. 2017 मध्ये बी. सुनीता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तिथे अपघाताच्या नुकसानभरपाईतला टक्का फी म्हणून मागितला होता, पक्षकार बाईंकडून चेकही घेतला होता. तो वटला नाही म्हणून वकिलाने केलेली फिर्याद न्यायालयाने रद्द केली. तुमच्या सहीने बेकायदा अट कायदेशीर होत नाही.

फाईलचंही तसंच. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 सालीच स्पष्ट केलंय. एनओसी ही आमच्या वकिलांमधली रीत. ती मिळाली नाही तर कोर्टाची परवानगी घेऊन नवं वकीलपत्र दाखल करता येतं.

मात्र झालेल्या कामाचे पैसे वकिलांना मिळायलाच हवेत. किती, ते मी इथून सांगू शकत नाही. किती तारखांना ते उभे राहिले ते कोर्टाच्या रोजनाम्यात (दर तारखेच्या नोंदीत) दिसेल. आणि इथे तुमची पंचाईत आहे. 60 हजार दिले हे दाखवणार कशाने? भाजीवाल्याला पन्नास रुपये देताना आपण स्क्रीनशॉट ठेवतो, आणि वकिलाला पाकिटातून रोकड! व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पैसे मिळाले’ असं काही असेल तर ते डिलीट करू नका.

स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली केसचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो. तो अर्ज तुम्ही कधी केलाच नाही. आता तडजोड होतेय, तेव्हा तो खर्च तडजोडीच्या रकमेतच धरायला सांगा.

नवा वकील करताना संमतीच्या अर्जाची फी ठोक ठरवा, टप्प्याने द्या: अर्ज दाखल करताना, पहिल्या जबाबाला, दुसऱ्या जबाबाला. या दोन जबाबांमध्ये थांबायचे सहा महिने माफ होऊ शकतात, पण ते न्यायाधीशांवर आहे, त्यावर हिशेब बांधू नका. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स त्यात धरलंय का तेही विचारा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

या आठवड्यात फाईल आणि चेक परत मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. दाद नाही मिळाली तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. बँकेलाही चेकचं पेमेंट थांबवायला लेखी कळवा. तरीही चेक परत गेल्याची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नका, 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. बँक चेकचा नंबर विचारेल. तो लिहून ठेवला नसेल, तर चेकबुकातलं कोणतं पान गेलंय ते आज रात्रीच काढून बघा.